अंड्यावरची तपासणी

न्हाई काका, करवत न्हाई ती. पेनाएवढी मूठ, पुढं बारीक टिप — अन् ती इतकी जलद थरथरती की डोळ्याला दिसत न्हाई. हाड कडक, ते कापलं जातं. नस मऊ, ती टिपेबरोबर हालती, म्हणून वाचती. मावशींच्या मणक्याचं हाड नसेवर दाबतंय ना, म्हणून डॉक्टरांनी मलाच बोलावलं — म्हणजे मशीनला. मी कोण? माझं नाव शांतवन. शाळा नववीतच सुटली. मशीन दवाखान्यात न्यायचं, जोडून द्यायचं.

भरोशाचं हाय का? हाय की. निघायच्या आधी मी अंड्यावर तपासतो — कवच गोल कापायचं, आतला पापुद्रा फाटला न्हाई पायजे. आमचे कंपनीतले साहेब म्हणत्यात, अंड्यावर चालली ना, मग ने. आजबी चालली. पर अंड्याचं कवच केवढं, माणसाचं हाड केवढं — हे मागच्या आठवड्यात कळलं मला. कुठं ते सोडा. एक आजोबा हुते. टिप झिजलेली, हाड कापंना, डॉक्टरांनी जोर दिला — अन् याला जोर चालत न्हाई काका, दाबलं की थरथर मरती, नुसतं तापतं. गार ठेवायचं पाणी चालू हुतं, तरी हाड काळं पडलं. वास आला. डॉक्टरांनी विचारलं, टिप नवी हाय ना रं? मी मान हलवली. व्हय म्हणाल्यागत.

आजोबा? बरे हायत. म्हणजे — जखम भरंना, परत भरती केलंय.

ही? ही टिप… तीच हाय. नवी पुण्यात हाय. जाऊन-येऊन सहा तास. तुमी जामखेडवरून पहाटे गाडी करून आलात, मावशी रात्रीपासून उपाशी, डॉक्टरांची पुढची तारीख आठ दिवसांनी — म्हणून मी म्हटलं, हळूहळू कापलं तर हुईल. डॉक्टरांना सांगितलं का? सकाळपासून दोनदा गेल्तो दारापर्यंत. ते फोनवर हुते. न्हाई, एकदा नव्हते फोनवर.

हळू बोला, मावशी ऐकतील. सांगतो ना. मीच सांगणार, तुमी नका येऊ. थांबायचं का दुसऱ्या हत्यारानं करायचं, ते ठरवतील ते — ते बघा, हात धुवायला लागले.

हात सोडा, काका. तुमी असं धरून ठेवलं तर मला आत जाता येणार न्हाई.