मामांनी ऐकलेला स्टिरिओ

आरं, नव्या स्टिरिओवर अर्धा तास गाणी ऐकली की माझं डोकं भणभणायचं, बायको तर खोलीचं दारच लावून घ्यायची. मग हॉलला जाड पडदे लावले, फरशीवर सतरंजी टाकली, स्पीकर भिंतीपासनं पुढं ओढले, ट्रेबल उतरवला.

तेवढ्यात औंधासनं सासरे आले. तोफखान्यात नोकरी झालेला माणूस! त्यांना शेजारी बसवलं आन् दुपारभर दोघं मान डोलवत बसलो. मामा एकदाबी उठले न्हाईत. मी बायकोला म्हणलं, "बघ, जमलं का न्हाई?"

चहा आल्यावर स्टिरिओ बंद केला आन् विचारलं, "मामा, कानाला तरास न्हाई ना झाला?"

मामा आपले बशीत चहा वतत राहिले. पुन्हा वरडून विचारलं, तसं त्यांनी खिशातनं ऐकायचं मशीन काढून कानात बसवलं. "काय म्हणालात, जावईबापू?"

मी गारच पडलो गड्या! "आवं, हे काढलं कवा?"

"पयल्याच गाण्याला. जावयानं हौसेनं लावलंय, मधनंच उठणं बरं दिसत न्हाई."

"मग मान कशी डोलत हुती?"

"तुमची बघून!"