ठकूबाईची शेवटची पेटी

ऐका. शेकोटी जरा पुढं सारा आन् मधेच कुणी खोकू नका.

आपल्या वरच्या वाडीतली ठकूबाई ढेबे. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्यानं मागं ठेवलेल्या सात मधपेट्या. सहा मेणकिड्यानं खाल्ल्या, उरली एक. खाली रानात फूल नाही, माश्या उपाशी. वर पठारावर मात्र कारवी फुललेली, सात वर्षांनी. आता माश्या दिवसा हलवता येतात का? नाही. अंधार पडला, शेवटची माशी पेटीत आली की पेटीचं दार लावायचं आन् उजाडायच्या आत नव्या जागी पोचायचं. वाटेत दार उघडलं तर माश्या अंधारात सांडल्या, पेटी संपली.

बाईनं दार लावलं, पेटी डोक्यावर घेतली आन् निघाली. एकटी. जवळची वाट कड्याची. सगळे नको म्हणाले. ती कुणाचं ऐकते?

उंबरापाशी आली. पुढं गेली. परत उंबर. चालली, चालली. परत तोच उंबर. चकवा, दुसरं काय. "फिरव किती फिरवतोस," बाई म्हणाली. डोळे मिटले, चढ पायाला लागेल तसं पाऊल टाकत सुटली. मग पेटी जड झाली. मान मोडायला आली, तरी खाली ठेवली नाही.

आन् मग, ऐका, डोक्यावरची गुणगुण थांबली. एकदम. मागून आवाज आला. तिच्या नवऱ्याचा, हुबेहूब.

"ठके, माश्या गुदमरल्या गं. दार उघड लवकर."

बाईचं काळीज हललं. तुमचंही हललं असतं, फुशारक्या नकोत. पेटी उतरवली. हात दारावर गेला.

तिथंच थांबला. नवऱ्यानंच शिकवलेलं, कानावर जाऊ नको, आधी तळवा लाव. मेलेली पेटी गार पडते, पोरांनो. तिनं तळवा लावला. लाकूड उबदार होतं.

"माझा माणूस असता तर आधी हात लाव म्हणाला असता," ती म्हणाली. पेटी उचलली आन् चढ धरला. आवाज रडत मागं आला, पार पठारापर्यंत. तीही रडत होती, पण वळली नाही.

उजाडताना कारवीत दार उघडलं. माश्या भराभरा फुलांवर गेल्या. पेटीच्या झाकणावर तेवढा पाच बोटांचा ओला ठसा होता, गारठलेला, तिच्या हाताचा नव्हे.

त्या वाटेनं जाऊ नका रे. भुताचं एक वेळ निभावता येतं. तिथं आपलंच माणूस हाक मारतं, आन् ओ दिल्याशिवाय राहवत नाही.