नावाच्या आधीचा शब्द

नट : नाही, नाही, काढ तो शब्द. म्हणे ‘वेल-नोन’! वेल-नोन तर कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टरही असतो.

मुलगी : त्याच्याकडे निदान रोज माणसं येतात, बाबा.

नट : टोमणे नकोत. सत्काराला परदेशी पाहुणे आहेत, माझी ओळख इंग्रजीत वाचणार आहेत. तू पेपरात बसून लोकांचं इंग्रजी सुधारतेस म्हणून आलो. एरवी या घराचा जिना चढायची मला हौस नाही.

मुलगी : ती कधीच नव्हती. ‘फेमस’ लिहू?

नट : फेमस बरा आहे.

मुलगी : बरा आहे, पण त्यात मान नसतो. फेमस म्हणजे पुष्कळांना माहीत, एवढंच. बिस्किटंही फेमस असतात. खुनीही असतात.

नट : मग मान असलेला सांग.

मुलगी : ‘रिनाउन्ड’. म्हणजे नाव लांबवर गेलंय आणि कामामुळे गेलंय.

नट : हां! हाच लिही.

मुलगी : लिहिते. पण ऐकणारा लगेच विचारतो, कुठलं काम? तुमच्या शेवटच्या नाटकाला खुर्च्यांतल्यापेक्षा स्टेजवर जास्त माणसं होती म्हणे.

नट : कोण म्हणतं?

मुलगी : आमचाच समीक्षक. ते वाक्य मी कापलं.

नट : चला, पोटच्या पोरीला बापाची कणव आली म्हणायची.

मुलगी : कणव कसली? लेख एका ओळीने जास्त होत होता.

नट : ‘एमिनंट’ कसा आहे? मागे एका न्यायाधीशांना लावलेला ऐकला. भारदस्त वाटला.

मुलगी : तो न्यायाधीशांनाच लावतात. नाहीतर विद्वानांना, मोठ्या सर्जनना. एमिनंट माणूस खोलीत आला की लोक गप्प होतात. तुम्ही आलात की लोक घड्याळ बघतात, आता हे किती वेळ बोलणार म्हणून.

नट : ‘लेजंडरी’ तर मला कितीजण तोंडावर म्हणतात.

मुलगी : तोंडावर म्हणतातच. पण तो नीट शोभायला आधी मरावं लागतं. टाइप करून ठेवू? पुढेमागे लागेल.

नट : काय जीभ आहे गं तुझी! ही आईची नाही, हे मात्र नक्की. ती बिचारी साधी. तिचा तो ‘इनफेमस’चा किस्सा तर...

मुलगी : तो नको, बाबा.

नट : नको काय? हुकमी टाळी आहे ती माझी! पेपरात छापून आलं, ‘इनफेमस ॲक्टर’. कुख्यात, बदनाम नट. आणि ही शेजारणीला सांगत सुटली, ‘अहो, कम्प्लीटचं उलट इनकम्प्लीट, तसं फेमसचं उलट इनफेमस. आता हे फेमस राहिले नाहीत. आता संध्याकाळी घरी येतील.’ घरी येतील! लोक अक्षरशः खुर्चीवरून पडतात हसून.

मुलगी : तुम्ही मुलाखतीत पहिल्यांदा ते सांगितलंत, त्यानंतर आई जिन्यात दिसली की वरच्या मजल्यावरच्या बायका ‘फेमस, इनफेमस’ करायच्या. मी शाळेतून येताना ऐकायचे. आई त्यांच्याबरोबर हसायची.

नट : बघ! तिने मनाला लावून घेतलं नाही. तुलाच मेलं सगळं टोचतं.

मुलगी : आणि पेपरने इनफेमस का छापलं, ते सांगता का त्या खुर्चीवरून पडणाऱ्यांना?

नट : त्याची काय गरज? किस्सा लांबतो.

मुलगी : मी सांगते. लांबवत नाही. ऐन प्रवेशात तुमची दाढी सुटून लोंबायला लागली. लोक हसले. तुम्ही आत येऊन मेकअपमनकाकांच्या तोंडावर गोंदाची बाटली फेकून मारलीत. त्यांचा डोळा गेला. लोक तुमच्यावर एकदा हसले तर तुम्ही माणसाचा डोळा फोडलात, आणि आईवर लोकांना गावोगाव हसवून टाळ्या घेता.

नट : हळू बोल. ते प्रकरण कोर्टात मिटलंय. बाटली हातातून निसटली, असं तुझ्या आईनेच सांगितलं. तिथेच उभी होती ती. शपथेवर सांगितलं.

मुलगी : आणि त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही दुसरा संसार थाटलात.

नट : तो वेगळा विषय. उगाच चिडू नकोस, मी कामाचं बोलायला आलोय. सत्कारात तो किस्सा मी सांगणारच. संयोजकांची इच्छा आहे, तुझी आई पहिल्या रांगेत असावी. माझं सांगून झालं की दिवा तिच्यावर टाकायचा. तिने उठायचं, जरा हसायचं, बसायचं.

मुलगी : तुम्हाला लाज...

(आई चहाचा ट्रे घेऊन येते.)

आई : येईन की मी.

मुलगी : आई, तू आत होतीस ना? ऐकलंस ना सगळं?

आई : स्वयंपाकघराला दार कुठाय? येईन म्हटलं ना. चहा घ्या. साखर घातली नाही, तुम्हाला बंद केलीये ना डॉक्टरांनी?

नट : तुला कसं कळलं?

आई : फेमस माणसांचं सगळं कळतं. कुठली साडी नेसू?

नट : कुठलीही नेस. साधी असली तर जास्त बरं. लोकांच्या डोळ्यापुढे एक चित्र असतं ना तुझं.

आई : असतं ना. वेंधळं. आणि उठल्यावर कसं हसू? तोंडावर हात घेऊन की दात दाखवून?

नट : हात घेऊन. फार गोड दिसतं.

मुलगी : आई, पुरे! मी तुला जाऊ देणार नाही.

आई : तू ऐक जरा. अहो, माझी एकच अडचण आहे. शेजारची खुर्ची मला मोकळी लागेल.

नट : दिली! कोणाला आणतेस? बहिणीला?

आई : मेकअपमनना.

नट : कोणाला?

आई : आपल्या मेकअपमनना. तुम्ही किस्सा सांगाल, लोक हसतील, दिवा पडेल. मी उठेन आणि त्यांनाही हाताला धरून उठवेन. म्हणेन, पेपरवाल्यांनी तो शब्द छापला तो ह्यांच्या डोळ्यामुळे. जरा यांचं तोंड बघा. मला इंग्रजी येत नव्हतं, पण हे वाचायला इंग्रजी लागत नाही.

नट : तू... तू कोर्टात काय सांगितलंस ते विसरलीस? खोटी साक्ष म्हणून तुलाच धरतील!

आई : धरू देत. मग मीही इनफेमस होईन. दोघांचा मिळून सत्कार ठेवा.

नट : तो असं करणार नाही. भित्रा होता तो.

आई : तेव्हा होते. कोर्टाबाहेर तुम्हालाच नमस्कार करून गेले. माणूस बदलतो हो. तुमच्यासारखा एखादाच नाही बदलत.

नट : पोरी, सांग हिला काहीतरी.

मुलगी : मी काय सांगू? मी फक्त विशेषणं बघते.

नट : ठीक आहे. ठीक आहे! किस्सा नाही सांगत. झालं समाधान? तूही येऊ नकोस. कोणालाच आणू नकोस.

आई : बघा हं, हुकमी टाळी जाईल.

नट : जाऊ दे. आणि त्या ओळखीत... काय ते तुला योग्य वाटेल ते लिही. निघतो मी. तो राहतो कुठे सध्या?

आई : त्याची चिंता तुम्ही नका करू. चहा गार होतोय.

नट : नको मला.

आई : जिन्यात जपून. मधल्या वळणावर दिवा नाही. तोंड आपटायचं.

मुलगी : ...गेले. आई, त्यांचा चहा तसाच राहिला. दे इकडे.

आई : त्यांच्या ओळखीत ते एमिनंट का काय, ते लिहून टाक.

मुलगी : खोटं आहे ते.

आई : असू दे. मी त्यांच्यासाठी कोर्टात याहून मोठं खोटं बोललेय. आणि त्या परदेशी लोकांना ह्यांचं नाव तरी कुठे माहीत असणार?

मुलगी : मेकअपमनकाका खरंच आले असते?

आई : कुठून येतील? ते वारले मागच्या वर्षी. ह्यांनी इतक्या वर्षांत चौकशी केली असती तर कळलं असतं ह्यांना.

मुलगी : मला बोलली नाहीस. तू भेटायला गेली होतीस?

आई : गेले होते, बातमी कळल्यावर. त्यांच्या बायकोने आतूनच विचारलं, कोण म्हणून. मी नाव सांगितलं. दार काही उघडलं नाही.