गिटारीची गोरी पट्टी

…न्हाई, पर मला एक सांगा, लाकूड गोरं असलं तर कुणाचं काय जातंय? सगळी दुनिया गोरं व्हायला तोंडाला ट्यूबा फासतीया, आणि आमचे मालक पंधरा दिस गिटार मांडीवर घेऊन तिला काळी करत बसले व्हते! वाजवायला नव्हं हो, वाजवता कुठं येतीया? सत्तावीस वर्सं एसटी चालवली, हॉर्न सोडून दुसरं काय वाजवलं न्हाई त्यांनी!

गिटार आमच्या शेफालीची. कॉलेजात असताना लई हौसेनं घेतलेली. पर गिटारीच्या गळ्यावर जितं बोटं दाबत्यात ना, ती पट्टी पांढरीफटक. तर गॅदरिंगला कुठली तरी पुण्याची पोरगी नाकातनं म्हणली, "अय्या, ही खेळण्यातली आहे का गं? चांगल्या गिटारची पट्टी काळी असते." झालं! पोरीनं गिटार पिशवीत घातली, पिशवी कपाटावर टाकली, आणि नोकरीला पुण्याला गेली तरी दोन वर्सं गिटार तितंच. मालक तवा ड्यूटीत अडकलेले. आता रिटायर झाले, आणि एक दिस चहा पिता पिता म्हणत्यात, "पुढच्या पुढच्या शनवारी शेफाली येणार हाय. तवर पट्टी काळी झाली पायजे. पोरीनं परत वाजवाय पायजे, बाकी मला काय नको." म्या म्हणले, अवो, लाकूड गोरं असलं तर कुणाचं काय जातंय? पर ऐकतोय कोण!

मोबाईलवर कुणी तरी चहाच्या पाण्यानं लाकूड काळं करत व्हता. लगीच माझी पाव किलो चहा पावडर पातेल्यात! उकळ उकळ उकळली, दोन दिस पट्टीला चहा पाजला, आणि पट्टी झाली शेजारच्या रतनबाईच्या चहागत, नुसती पिवळी! मग हळूच म्हणत्यात, "अगं, तुझी ती केसाची काळी मेंदी कुठं हाय?" म्या म्हणले, खबरदार! भाच्याच्या लग्नाला राखून ठेवलीया, गिटार तरणी दिसायची आणि म्या म्हातारी!

आणि हितं, तुमाला सांगते, माझीच जीभ वळवळली. माझं माहेर पासलीचं. डोंगरात हिरडा मायंदाळ. आमची आत्या हिरडा कुटून भिजवायची, त्यात गंजकं लोखंड टाकायची, आणि त्या पाण्यात सूत असं काळंभोर व्हायचं… बोलले आणि फसले! हिरडा आला. आणि गंजकं लोखंड म्हणून काय बुडवावं ह्यांनी? माझा विळा! म्हणत्यात, "गंजलाय की तो." अवो, गंजलाय, पर कापतोय की!

तीन दिसांनी शाईगत पाणी झालं. मालकांनी देवाला गंध लावावं तसं बोटानं लावलं. आणि बघतो तर काय… हितं काळं, तितं पांढरं, मदीच पिवळं… पट्टीवर बिबट्या उतरला! मालकांचं तोंड बघवंना. त्या दिशी धड जेवले बी न्हाईत. आता हसावं का रडावं? लाकूड गोरं असलं तर… जाऊ द्या.

बुधवारी गिटार घेऊन आमी दोगं भोरला, झुल्फिकारभाई सुताराकडं. त्यांनी पट्टीवर नख ओढलं, वास घेतला, आणि म्हणले, "आनंदराव, ह्येला तेल कुणी पाजलंय? लाकडाचं पोट भरलंय, आता रंग कुठनं पिईल?" मालक म्हणले, "तेल? छ्या! आपण न्हाई बा." आणि म्या? म्या खालचा भुसा बघत उभी!

काय सांगू आता… म्याच! दोन वर्सं, दर अमुशाला, मालक ड्यूटीवर गेले की गिटार खाली काढायची आणि पट्टीला तेल चोळायची. आमच्यात कुदळीच्या दांड्याला तेल पाजत्यात, म्हणजे लाकूड चिरत न्हाई. दांड्याला करंजाचं पाजत्यात, म्या खोबऱ्याचं लावलं, पोरीची वस्तू म्हणून. तिच्या डोक्याला तेल लावाय मिळंना, मग गिटारीला लावायची. व्हय, आठवण यायची मला! करू काय?

झुल्फिकारभाई हसून हसून खाली बसले. "वहिनी, गिटार हाय ही, लेक न्हाई!" मालकांनी मातूर नुसता पॉलिश पेपर घेतला, आणि येताना एसटीत खिडकीची जागा मला दिली. लग्नाला तीस वर्सं झाली, पयल्यांदा!

मग दोन दिस तारा काढून, त्या आडव्या पितळी काड्यांना चिकटपट्ट्या लावून, वरचं तेलकट लाकूड निघंस्तवर घास घास घासलं. शनवारी सकाळी परत हिरड्याचं पाणी लावलं, आणि बघता बघता पट्टी तव्याच्या बुडागत काळी! लाकूड गोरं असलं तर कुणाचं काय जातंय… म्हणले म्या, पर जरा हळू म्हणले. दिसत व्हतीच तशी देखणी!

मालकांनी तारा परत चढवल्या, आणि दुपारी शेफाली आली. पट्टीवरनं बोट फिरवलं. "पप्पा, हे कुणी केलं?" मालक म्हणत्यात, "काय न्हाई, आपला हिरडा." पोरगी खाली बसली ती बसलीच. कालवण गार झालं, भाकरी वाळल्या, हिचं आपलं वाजवणं चाललंय, चार बोटं काळीकुट्ट, आणि हसती कशी! "आई, ऑफिसात विचारलं तर सांगेन, पप्पांनी लावलंय." मालक उठून बाहेर गेले. डोळ्यात कचरा गेला म्हणले. एका टायमाला दोनी डोळ्यात कसा जातोय, कुणास ठावं!

आयतवारी गिटार खांद्याला लावून गेली पुण्याला. एवढ्यासाठीच तर केलं व्हतं न्हवं सगळं? मग एसटी वळणाआड गेली तरी हात वर करून का उभे मालक? आणि माझा पदर का वला? घरात आलो तर असं सुनं सुनं… दोगं बी एकमेकाकडं बघंनात.

आज सकाळी चपात्या लाटत व्हते. मालक समोर येऊन बसले. बघत्यात, बघत्यात, आणि म्हणत्यात, "सगुणा, हा पोळपाट लई फिका वाटतोय न्हाई?"

 दिला बाई काढून हातात. चार दिस भाकरी खाऊ.