जागची न हलणारी रेष

(सोलापुरातलं एक कॉलेज. गुरुलिंग सर मार्गदर्शक, महानंदा पाच वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतेय. बाहेरच्या बाकावर तिचे वडील बिरुदेव.)

सर : ...परीक्षकांनी प्रबंध परत पाठवून एवढंच विचारलंय. चुंबकाची ताकद वाढवली की ग्रॅफाइटचे इलेक्ट्रॉन जिथं प्रकाश शोषतात, त्या आलेखातल्या रेषा सरकतात. मग तुझी ही सातवी रेष जागची का हलत नाही?

महानंदा : ती ग्रॅफाइटची नाहीच, सर. चिकटपट्टीच्या डिंकाची आहे. इन्फ्रारेड प्रकाश डिंकानंपण शोषला.

सर : डिंक आला कुठनं?

महानंदा : लॅबची टेप संपली होती. तुम्हीच म्हणालात की, स्टेशनरीतली आण, ग्रॅफाइटचे पापुद्रे काढायला चालते.

सर : मला नाही आठवत.

महानंदा : पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी, ही हलत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, नवीन दिसलं की गप्प बसायला शीक. त्याच रेषेवर आपला पेपर छापून आला.

सर : पेपरवर पहिलं नाव कुणाचं?

महानंदा : तुमचं.

सर : मग बुडणार कोण? म्हणून हे पत्र. ‘नमुने मी एकटीनं केले, डिंकाचं सरांपासून लपवलं.’ खाली सही कर.

महानंदा : हे खोटं आहे.

सर : मग जा मंगळवेढ्याला. मेंढरं आहेतच घरची.

महानंदा : सही केली तर प्रबंध राहील ना, सर? सातवी काढून टाकते. बाकीच्या सहा खऱ्या आहेत, एकेक मी मोजलीय.

सर : आधी सही.

महानंदा : घ्या.

सर : तारीख घाल. हं. आता मला सांग, जिनं मार्गदर्शकापासून लपवलं, तिचा प्रबंध मी कसा पुढं पाठवू?

महानंदा : सर, तुम्ही म्हणालात...

सर : मी फक्त ‘आधी सही’ म्हणालो.

महानंदा : त्या सहा खऱ्या आहेत, सर.

सर : माहितीय. पुढच्या विद्यार्थ्याला देईन.

बिरुदेव : येऊ का आत? सर, हुरडा आणलाय तुमास्नी. कवळा हाय, सकाळीच कणसं काढली.

सर : वा. खाली गाडीत ठेवा.

बिरुदेव : ठिवतो की. लई केलंत तुमी पोरीसाठी. झालं न्हवं तिचं समदं?

सर : तिलाच विचारा.

महानंदा : झालं, अण्णा. चला, सरांची गाडी दाखवते.