पोटच्या पेशी

दवाखान्यात माझ्या शेजारी पायाला पट्टी बांधलेली एक आई आणि तिची मुलगी बसल्या होत्या.

"पोटाची चरबी काढून पायाची जखम कशी गं भरेल?"

"त्या चरबीतल्या मूळपेशी आत प्रयोगशाळेत वाढवतायत, आई. त्या जखमेत सोडणार. नाहीतर पाय कापावा लागेल."

"डोळे मिटले की वाटतं, मीच आत कुठेतरी तरंगतेय."

तेवढ्यात प्रयोगशाळेतली बाई बाहेर आली.

"आजी, निम्म्या पेशी मेल्या. पण उरलेल्या, वाढवायला ठेवल्यात त्या बशीला घट्ट चिकटल्यात, वाढतायत. तेवढ्या पुरतील."

"मेलेल्यांचं काय केलंत?"

"धुऊन टाकल्या."

"माझ्याच होत्या हो त्या."

"अगं आई, जगलेल्याही तुझ्याच आहेत ना?"

"मग हात दे मला. काचेतून का होईना, एकदा त्यांना बघून येऊ."