मागचा ब्रेक

तपासनीस : ‘चालवून घेतो’ असा रकाना नाही, काका. योग्य किंवा अयोग्य. दोनच.

काका : मग योग्य लिहा.

तपासनीस : हॉर्न वाजला कुठे?

काका : वाजला की. तुमचं लक्ष नव्हतं.

काकू : त्याला वाजला म्हणत नाहीत, दादा. त्याला खाकरला म्हणतात.

काका : हिचं मनावर घेऊ नका, साहेब. ही माझी बायको. आमची मोटारसायकल पासिंगला नापास व्हावी म्हणूनच बरोबर आलीय.

काकू : खोटं कशाला बोलू, त्यासाठीच आले. आमचं ठरलंय. आज गाडी पास झाली तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नापास झाली तर चार वाजता भंगारवाला येतोय. निरोप देऊन ठेवलाय त्याला.

काका : बघा. पेशंट अजून तपासणीच्या टेबलावर आणि हिने खांदेकरी बोलावलेत.

तपासनीस : काका, मागे अकरा गाड्या उभ्या आहेत. हॉर्न पुन्हा दाबा. लांब दाबा... हं. वाजतो. योग्य. मागच्या वर्षांचे दाखले आणलेत?

काका : सगळे आणलेत. चौतीस वर्षांचे. हे घ्या, वर्षवार लावलेत.

काकू : आमच्या लग्नाचा एक फोटो शोधायला सांगा, तीन दिवस लागतील.

तपासनीस : तीन वर्षांपूर्वी, मागचा दिवा, अयोग्य. दुसऱ्या फेरीत पास. दोन वर्षांपूर्वी, आरसे, अयोग्य. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत पास.

काका : ते जरा मोठ्याने वाचा. हिला ऐकू जाऊ दे.

काकू : ऐकलं. गेल्या वर्षीचे आरसे शेजाऱ्यांच्या गाडीचे होते. संध्याकाळी परत करून आले हे.

काका : आरसा हवा असं नियमात आहे. कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

तपासनीस : आणि आजचे?

काका : आजचे स्वतःचे. बिलासकट. साहेब, तुम्ही रोज गाड्या बघता. तुम्हीच सांगा हिला, हे मॉडेल कसं आहे ते. चौतीस वर्षांत रस्त्यात एकदाही दगा दिला नाही गाडीने.

काकू : रस्त्यात कशी देईल? घरातून निघतानाच देते. सकाळी सातला निघायचं असलं की हे सहाला खाली उतरतात, तिची मनधरणी करायला. माझी नाही केली कधी एवढी.

तपासनीस : या मॉडेलच्या वर्षाला सहा-सात गाड्या येतात माझ्याकडे. पहिल्या फेरीत निम्म्या नापास होतात. दिवे, वायरिंग, सायलेन्सर, नाहीतर गंज. पण इंजिनावरून अजून मी एकही नापास केलेली नाही. इंजिन ठणठणीत, बाकी सगळं सुटं.

काका : ऐकलंस? ठणठणीत.

काकू : बाकी सगळं सुटं, हेही ऐकलं. घरात आहे तसं एक मॉडेल.

तपासनीस : धूर, योग्य. टायर, योग्य. चेन थोडी सैल, पण चालेल. पुढच्या मडगार्डला हा पोचा कशाचा?

काका : तो होय. जुना आहे.

काकू : गेल्या महिन्यातला. शेजाऱ्यांचं फाटक.

काका : ते फाटक रोज उघडं असतं, साहेब. नेमकं त्या दिवशी बंद.

तपासनीस : आणि हा, खालचा?

काकू : तो बागेतला बाक. त्याआधी कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबा. बाक आणि डबा पण रोज उघडे असतात का हो?

काका : गाडीचं वय झालं की होतं असं.

काकू : गाडीचं वय गेल्या तीन महिन्यांतच झालं का? सांगते, दादा. चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही. मी पहिलीच्या वर्गावर शिक्षिका होते, रोज मला शाळेत सोडणं, आणणं, बाजार, दवाखाना, सगळं हिच्यावर. पावसापाण्यात कधी पडलो नाही. तीन महिन्यांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी घरात अडकले, हे एकटे फिरायला लागले, आणि तीन महिन्यांत तीन धडका. डबा, बाक, फाटक. मला रात्री डोळा लागत नाही. चौथ्या वेळी काय असेल समोर? एखादं पोर असेल. नाहीतर हेच पडलेले असतील आणि दुसरंच कुणीतरी मला सांगायला येईल. म्हणून मला ही गाडी दारात नको आहे. मी हिच्यावर रागावलेली नाही. मला भीती वाटते.

काका : अगं, ब्रेक नवे टाकलेत ना. महिना झाला.

तपासनीस : ब्रेकच बघू आता. काका, त्या पांढऱ्या खांबापासून यायचं. ताशी तीसचा वेग धरायचा आणि या पिवळ्या रेषेच्या आत थांबायचं. दोन संधी असतात.

काका : एक पुरे.

(काका गाडी घेऊन खांबाकडे जातात. काकू आणि तपासनीस रेषेपाशी उभे.)

तपासनीस : काकू, रेषेपासून मागे या. अजून मागे.

काकू : भिंत आली. भिंतीत जाऊ का?

तपासनीस : निघाले. वेग बरोबर आहे. छान येतायत. आता धरायला हवा ब्रेक. आता... काका. ब्रेक, काका.

काकू : अहो, थांबा.

तपासनीस : सात पावलं पुढे.

काका : कसं काय, साहेब?

तपासनीस : रेषा दिसली का?

काका : दिसली म्हणजे? स्वच्छ दिसली.

तपासनीस : मग?

काका : तिसऱ्या गिअरला एक बारीक टिकटिक येत होती. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, साहेब. टिकटिक आली की कान तिकडे जातो. पुन्हा येतो.

तपासनीस : या. कान बंद ठेवून या.

काकू : दादा, बघवत नाही मला. झालं की सांगा.

तपासनीस : झालं. पाच पावलं पुढे.

काका : सुधारणा आहे.

तपासनीस : उतरा. मी चालवून बघतो. किल्ली द्या.

काकू : आता बोला. हात दाखवून अवलक्षण. म्हणे एक संधी पुरे.

काका : ब्रेकमध्ये काहीतरी असणार. बघ तू, त्यांचीही पुढे जाईल.

काकू : थांबले. रेषेवर थांबले ते.

तपासनीस : ब्रेक उत्तम. मेणासारखे लागतात. गाडी थांबते, काका. तुम्ही थांबत नाही.

काका : असं कसं? चौतीस वर्षं थांबतोय मी.

तपासनीस : तेच विचारतो. चौतीस वर्षं कसे थांबत होता?

काका : कसे म्हणजे? ही चिमटा काढायची, मी ब्रेक दाबायचो.

काकू : काय?

काका : इथे, कमरेच्या वर, डाव्या बाजूला. समोर काही आलं की ही चिमटा काढते. बारीक चिमटा म्हणजे हळू, जोरात म्हणजे थांब. पीळ दिला की खड्डा.

काकू : मी भीतीने काढायचे. तुम्ही वेळेवर ब्रेक दाबत नाही म्हणून जीव घाबरायचा माझा, म्हणून काढायचे.

काका : मला वाटलं, वाटणी झालीय आपली. तू रस्ता बघायचा, मी इंजिन ऐकायचं.

काकू : वाटणी कुणी केली? मला कुणी सांगितलं? म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही रस्ता बघतच नव्हता?

काका : बघत होतो. पण तुझ्याइतका नाही.

काकू : अहो, मी निम्मा वेळ डोळे मिटून बसायचे.

तपासनीस : काकू, तुम्हाला बसता येतं का आता मागे?

काकू : डॉक्टरांनी परवाच परवानगी दिलीय. का?

तपासनीस : नियमात एक ओळ आहे. चाचणी ‘नेहमीच्या भारासह’ घेता येते. ती वापरली तर तिसरी संधी मिळते.

काकू : भार म्हणजे मी का?

तपासनीस : नियम मी लिहिलेला नाही, काकू.

काका : चल, बस. हळू. गुडघा सांभाळ. बसलीस?

काकू : बसले. पुढे बघा.

काका : बरं वाटतं, नाही? तीन महिन्यांनी.

काकू : पुढे बघा म्हटलं ना. रेषा आली.

काका : दिसते. ती टिकटिक येतेय का तुला ऐकू?

काकू : अहो, रेषा.

तपासनीस : थांबली. रेषेच्या आत, एक वीतभर. काका, वाकडे का झालात? कुठे लागलं?

काका : काही नाही. ब्रेक लागला.

तपासनीस : काकू, उतरू नका एवढ्यात. पाय उचला. हा डावा फूटरेस्ट हलतो कसा?

काकू : माझ्या पायाखाली करकरला मघाशी.

तपासनीस : जोड चिरलाय. वरून तार बांधून काळा रंग दिलाय. काका, हे कुणाचं काम?

काका : तात्पुरतं केलंय. ही बसत नव्हती, म्हणून म्हटलं तोवर चालवून घेऊ.

तपासनीस : मागे माणूस बसणार असेल तर हे अयोग्य. वेल्डिंग केलेलंही चालत नाही, नवा लागेल.

काका : नवा मिळत नाही, साहेब. कंपनीने हे मॉडेल बंद करून वीस वर्षं झाली. सहा दुकानं फिरलो.

काकू : मग झालं तर. नापास.

तपासनीस : एक मार्ग आहे. मागची सीट आणि दोन्ही फूटरेस्ट काढून टाका. समोरचं गॅरेज अर्ध्या तासात काढून देतं. मी गाडी एकासनी म्हणून नोंदवतो आणि आत्ता पास करतो. बाकी सगळं योग्य आहे.

काकू : पण हे थांबत नाहीत ना एकटे.

तपासनीस : हा कागद गाडीचा आहे, काकू. माणसाचा नाही. ब्रेक मी स्वतः तपासलेत. काय करायचं, काका? सीट काढायला सांगू?

काकू : बोला ना. घ्या, पास होतेय तुमची लाडकी. ठरल्याप्रमाणे मी एक शब्द बोलणार नाही. मी जाईन बसने. मला काय, सुंठेवाचून खोकला गेला.

काका : अयोग्य लिहा, साहेब.

तपासनीस : काका, मी पास करतोय गाडी.

काका : कळलं मला. अयोग्य लिहा. एकट्याने फिरायला मला गाडी लागतच नव्हती. माझं घड्याळांचं दुकान घराच्या खालीच होतं, अठरा पायऱ्या उतरलो की दुकान. मला कुठे जायचं होतं? हिची बदली लांबच्या शाळेत झाली, दोन बस बदलून जायची, उशीर झाला की मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर बोलायच्या. रडत घरी आली एकदा. दुसऱ्या दिवशी मी ही गाडी घेऊन आलो. चालवताही येत नव्हती मला, विचारा हिला.

काकू : तुम्ही तर म्हणाला होता, हौस म्हणून घेतली.

काका : हौस नंतर लागली.

काकू : चौतीस वर्षांत एकदा सांगायचं तरी.

काका : तू रोज बसत होतीस मागे. सांगायचं काय त्यात? लिहा, साहेब. भंगारवाला चारला येतोय, उगाच त्याचा खोळंबा नको.

तपासनीस : लिहितो. मागचा डावा फूटरेस्ट, अयोग्य. बाकी सर्व योग्य. इथे सही करा.

काकू : थांबा. सही करू नका. दादा, अयोग्य झाली म्हणजे गाडी मोडीतच काढावी लागते का?

तपासनीस : छे. तीस दिवसांत दोष दुरुस्त करून परत आणायची. तेवढाच दोष बघतो आम्ही.

काका : अगं, पण फूटरेस्ट मिळत नाही.

काकू : तुम्हाला मिळत नाही. तुम्ही दुकानात जाता, अर्धा तास गाडीची स्तुती करता आणि हात हलवत परत येता. माझ्या पहिलीतली चार पोरं आज गॅरेजं चालवतात. एकाला तर मी पाढे शिकवलेत कान धरून. तो जमिनीतून उकरून आणील. आणि एकट्याने गाडीला हात लावायचा नाही तोवर, कळलं? करा आता सही. भंगारवाल्याला मी फोन करते. दादा, पुढची तारीख द्या. सकाळची द्या, दुपारी यांना झोप येते.